फिनलंडचे मच्छर आणि आमची सोयरीक

मेहकरच्या बसस्टँडवर आमचं भांडण झालं ते मच्छरदाणीवरून. शोभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ती घडी करून पिशवीत कोंबली होती आणि मी ती काढून पोहोचवायला आलेल्या शेजाऱ्याच्या हातात दिली.

"काऊन काढली वो? मच्छर चावले म्हंजे?"

"फिनलंडले चाललो आपण, तुह्या बहिणीकडं धामणगाव बढ्याले नाई. तिकडं अर्धं वर्ष बर्फ राह्यते. मच्छर काय स्वेटर घालून येतीन?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा हा विषय माझ्या अखत्यारीतला होता. शोभानं मच्छरदाणी जाऊ दिली, पण कडुनिंबाच्या तेलाची बाटली मात्र पोटाशी धरून ठेवली.

जाण्याचं कारण गंभीर होतं. आमची एकुलती एक ऋतुजा हेलसिंकीत नोकरी करते आणि तिथल्याच मिका नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा फोनवर पाहिला होता, बरा वाटला. पण मला घर पाहायचं होतं. तिकडची माणसं बोलतच नाहीत, असं ऐकून होतो. आमच्याकडे भाजी आणायला निघालेला माणूस चार ओट्यांवर बसून, सगळ्यांची ख्यालीखुशाली घेऊन मग भाजीपर्यंत पोहोचतो. अशा गावातली पोरगी मुक्या घरात दिली तर तिचं कसं होणार, या विचारानं माझी झोप उडाली होती. "बाबा, येऊन पाहा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढे जाणार नाही," ती म्हणाली. असं बोलून पोरं आपल्यालाच पेचात टाकतात.

हेलसिंकीचं विमानतळ इतकं शांत, की शोभाला शिंक आली ती तिनं पदरात दाबली. ऋतुजा आणि मिका घ्यायला आले होते. तिथून आगगाडीनं आम्ही बरंच वर, मिकाच्या वडिलांच्या गावी निघालो. बायको वारल्यापासून ते तळ्याकाठच्या घरात एकटेच राहतात. नाव पेक्का. स्टेशनावर उभे होते. ताडमाड उंच, टक्कल, चेहरा दगडी. "तेर्वे" (म्हणजे नमस्कार), एवढं म्हणाले आणि गाडी सुरू केली.

त्यानंतर घर येईपर्यंत एक अक्षर नाही. मी म्हटलं, हवा छान आहे. त्यांनी काचेतून हवेकडे पाहिलं आणि मान हलवली. झालं संभाषण. बाहेर जंगल, मग तळं, परत जंगल, परत तळं. लोणारला एक सरोवर आहे, तर आम्ही येईल त्या पाहुण्याला तिकडे नेतो. इथं ज्याच्या त्याच्या परसात एकेक. पण ते बघण्यात माझं मन लागेना. मी सारखा ऋतुजाकडेच पाहत होतो.

गाडीचं दार उघडलं आणि आम्ही ढगात उतरलो. धूर नव्हे, धुकं नव्हे, मच्छर! तिकडे त्यांना 'हुत्तुनेन' म्हणतात. आपले मच्छर निदान कानाशी गुणगुणून, अंदाज घेऊन चावतात. हे पहिल्या पंगतीला बसल्यासारखे थेट बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.

"आता शिकवा भूगोल!" शोभा दोन्ही हातांनी स्वतःच्या गालफडात मारत म्हणाली.

उन्हाळ्यात जेवण बाहेरच घ्यायचं, असा तिकडचा रिवाज. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी उकडलेले कोवळे बटाटे, त्यावर लोणी आणि चक्क शेपू! सोबत आंबूस काळा पाव. चव खरंच चांगली होती, पण एका हातानं खायचं आणि दुसऱ्यानं स्वतःला बडवायचं. टेबलावर फक्त चापटांचा आवाज.

शेवटी शोभानं बाटली काढली. आधी मला चोपडलं, मग ऋतुजाला, मग मिकाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत पेक्कांच्या टकलावर तेलाची धार धरली. "हालू नका भाऊ, डोळ्यात जाईन." मराठीतच. पेक्का डोळे मिटून, श्वास रोखून बसले. मिकाचा घास तोंडातच राहिला. मी मनात म्हटलं, संपली सोयरीक. आणि मच्छर? ते आता तेलाला चिकटून निवांत बसले.

संडास घरापासून लांब, झाडीत. तिथं काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो की परत आल्यावर मी उभ्यानंच चहा घेतला.

संध्याकाळी मिका म्हणाला, "बाबांनी तुम्हाला साउनाला बोलावलंय." साउना म्हणजे लाकडाची गरम वाफेची खोली. तिचं आमंत्रण मोठा मान, नाही म्हणायचं नसतं. तिथं अंगावर काही घालत नाहीत म्हणे. मी पंचा सोडला नाही.

आत गेलो आणि जीव थंड झाला! उष्णता म्हणाल तर मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली असते त्याहून कितीतरी जास्त. पण मच्छर एक नाही. एकसुद्धा नाही! मिका थोड्या वेळानं तळ्यात डुबकी मारायला निघून गेला. मी हललो नाही. पेक्काही हलले नाहीत. तापल्या दगडांवर त्यांनी पाणी टाकलं, फस्सकन वाफ उठली. माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, परीक्षा घेऊन राह्यला काय बे? बस मग. त्यांनी आणखी पाणी टाकलं. मीही हसून आणखी एक डबडं ओतलं. मग मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

दोघंही एकदमच उठलो. पेक्कांनी दार बोटभर उघडलं. बाहेरून गुंईंई आवाज आला, आणि आम्ही दोघांनी मिळून ते दार धाडकन ओढलं.

एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर का जात नाही?" त्यांनी विचारलं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान कळत होतं.

"मच्छर."

"मी पण," पेक्का म्हणाले.

"मले वाटलं तुम्ही माझी परीक्षा पाहता!" हे माझ्या तोंडून मराठीतच गेलं, मग इंग्रजीत सांगितलं.

"मला वाटलं तुम्ही माझी!"

आणि बांध फुटला. तो माणूस बोलायला लागला! इथले मच्छर कसे हरामखोर, शेजाऱ्याला कसे चावत नाहीत, मासे धरायला गेलं की कसे नेमके नाकात शिरतात, सरकार काहीच कसं करत नाही. हात नाचवून बोलत होता. मीही बोलता बोलता मेहकरची नाली आणि तिच्यातले मच्छर उपसून काढले. मग पेक्का एकदम थांबून म्हणाले, "बायको होती तेव्हा रोज तिच्याजवळ कुरकुर करायचो. ती हसायची. आता कुणाजवळ करू? म्हणून बंदच केलं बोलणं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम होता म्हणून दिसलं नाही.

"माझी पोरगी ऐकते," मी म्हटलं. "तिच्या आईच्या आणि माझ्या कुरकुरीवरच वाढली आहे. तिच्याजवळ करा."

पेक्कांनी माझा हात धरला, दार उघडलं, आणि आम्ही दोघं ओरडत तळ्याकडे पळालो. पंचा दाराच्या कडीत अडकून तिथंच राहिला. बर्फासारख्या पाण्यात गळ्याइतका उभा होतो, तेव्हा आमचा आरडाओरडा ऐकून ऋतुजा फळ्यांच्या धक्क्यावर धावत आली. तिनं एकदा पेक्कांकडे पाहिलं, ते खो खो हसत होते. मग माझ्याकडे.

"बाबा... मग?"

"हो म्हण," मी ओरडलो. "अन् तोंड तिकडं करून आधी टॉवेल फेक!"

ती टॉवेल फेकायचं विसरून रडतच बसली.

मेहकरला परतून आता बरेच दिवस झाले. अंगावरच्या गांध्या गेल्या. लोक विचारतात, परदेशात काय पाहिलं? जंगल, तळी, आगगाडी, सगळं सांगतो, पण खरं पाहायला गेलो होतो ते तिथल्या एका माणसाचं तोंड उघडतं की नाही एवढंच. काल ऋतुजाचा फोन आला. मी विचारलं, आवाज असा काऊन थकलेला?

"पेक्कांचा फोन होता बाबा. रोज येतो. आज तासभर, नुसत्या तक्रारी. ऐकून ऐकून दमले मी."

मी हे शोभाला सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरं झालं बाप्पा."