ओला हात

डोकमर्डीत माशांच्या औषधांचं दुकान चालवणारा तो धुळ्याकडचा माणूस आधी स्वतःचा हात ओला करतो, मगच माशाला शिवतो. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणे. बोलतोही इतकं हळू, की ओरडून विचारावं लागतं.

त्याचं औषध टाकूनही राखोलीच्या माझ्या तळ्यात रोहूंच्या अंगावर लाल जखमा दिसल्या, तेव्हा मी त्याच्यावरच उखडलो. "तुझं औषध म्हणजे नुसतं पाणी!"

"शेठ, जाळं किती वेळा ओढलं?"

भाव चढवायला मी येईल त्या व्यापाऱ्यासमोर जाळं ओढून मासे दाखवत होतो. जवळजवळ रोजच.

"घाबरलं की माशाच्या अंगात एक हार्मोन चढतं. ते उतरेपर्यंत रोगाशी लढायची ताकद दबून राहते. तुम्ही ते उतरूच दिलं नाही. मी बोललो होतो, शेठ."

बोलला असेल, पुटपुटत.

"मग आता जालीम औषध दे."

त्यानं हातातली औषधाची बाटली परत पिशवीत ठेवली. "आता नको. उपयोग नाही."

आठ दिवसांत तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. न बोलावता तो आला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकेक मेलेला मासा उचलू लागला. प्रत्येक वेळी आधी हात ओला करून.

मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.