पोटावर बघायचा रंग

इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्या त्या कारखान्यात वहिनींना एकही सूर वाजवता येत नाही, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. "गिटार ऐकतात नंतर," त्या म्हणतात, "आधी बघतात." आणि बघण्याचं खातं त्यांचं. थंडीच्या हंगामासाठी नवी रेंज निघते, तेव्हा तिचे चारही रंग वहिनींच्या टेबलावर मिसळले जातात.

खरं तर त्या वहिनी एकट्या नणंदेच्या. ती पॉलिशच्या चाकावर बसते आणि चाकाच्या वरताण आवाजात हाका मारते. त्यामुळे सगळा कारखाना त्यांना वहिनी म्हणू लागला. मालक वयाने मोठे, तेही.

लग्नाआधी वहिनी मोटारींच्या रंगकामाच्या दुकानात होत्या. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसवला की तो उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी असा जुळवायचा की खुद्द गाडीवाल्यालाही तो ओळखू येऊ नये. तिथे त्यांची नजर तयार झाली. जीभही तिथेच तयार झाली.

गेल्या थंडीत मात्र त्या नजरेने दगा दिला. वहिनींनी एक गडद, जांभळट मरून काढला होता. भिंतीवर टांगला तेव्हा लोक हातातलं काम सोडून बघत राहिले. दुकानांत गेला आणि हंगाम संपता संपता खोक्यांसकट परत आला. मालकांनी आडपडदा ठेवला नाही.

"वहिनी, या वेळीही असंच झालं तर पुढच्या हंगामापासून तयार रंगाचे डबे मागवणार. मिश्रणाचं टेबल बंद. तुम्ही फवारणीला राहा."

नोकरी जाणार नव्हती. पण रंग करणं आणि दुसऱ्याने केलेला रंग मारणं यांत वहिनींच्या लेखी स्वयंपाक करणं आणि ताटं वाढणं एवढा फरक होता.

सुट्टीच्या दिवशी त्या वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. काय हवंय, असं विक्रेत्याने विचारलं. "भाचा येतोय माझा," त्यांनी ठोकून दिलं. भाचा काही आला नाही, पण त्यांना हवं होतं ते उत्तर आलं. गिऱ्हाईक भिंतीवरची गिटार काढतं, पट्टा गळ्यात अडकवतं आणि तार छेडायच्या आधी आरशासमोर उभं राहतं. बहुतेकांच्या अंगात काळा शर्ट. उरलेल्या एका मरून गिटारीशीही एक जण खेळून गेला. काळ्यावर ती पार विरघळली. पोटावर नुसत्या तारा ताणल्यात असं दिसत होतं. कारखान्यात इतकी वर्षं रंग पास व्हायचा तो पांढऱ्या भिंतीवर. भिंत काही गिटार वाजवत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वहिनींच्याही नाही.

मग घरी नवऱ्याची पाळी आली. दिवसभर बस चालवून आलेल्या त्या माणसाला काळा शर्ट घालून खिडकीपाशी उभं केलं जाई आणि त्याच्या पोटावर रंगवलेली फळी धरली जाई.

"अहो, हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"घ्या. पण पोट आत ठेवून."

"पोट आत गेलं तर फळी कशाला टेकवशील, बाई?"

लाल, निळा आणि सायीसारखा पांढरा, हे तीन रंग लवकर जमले. चौथ्याने घाम काढला. शेवटी जमला तो फिकट, पिवळसर हिरवा, त्यात चिमूटभर राख मिसळल्यासारखा. त्या रंगातली गिटार भिंतीवर टांगली तेव्हा मालकांनी नुसत्या भुवया उंचावल्या. नणंद गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"वहिनी, भिंतीला कावीळ झालीय."

"मग भिंतीला विकू नका."

वहिनींनी मालकांना शर्टाचं सगळं सांगितलं. "दुकानदार तर भिंतीवरच बघतात ना?" ते म्हणाले. "येऊ देत. त्यांनी नाही म्हटलं तर माझं आधी बोललेलं कायम."

ठरल्या दिवशी दुकानदार आले. पुढच्या खोलीत चारही रंगांच्या गिटारी टांगल्या होत्या. लाल गिटारीपाशी घोळका झाला, निळीपाशी माना डोलल्या. हिरवीवरून नजरा सरकून गेल्या. काळ्या टी-शर्टातला एक आडवातिडवा दुकानदार तिच्यापुढे थांबला, पण तो टोमणा मारायला.

"हा रंग काढताना कुणाला बरं नव्हतं का?"

सगळे हसले. वहिनी हात पुसत आतून आल्या.

"मी तर ठणठणीत होते. गळ्यात घाला तिला."

त्याने हसत हसत पट्टा अडकवला. नणंद तोवर बेसिनवरचा आरसा काढून घेऊन आली होती. "अगं, तोंड काय दाखवतेस त्यांना, पोटापुढे धर," वहिनींनी फर्मावलं. आरसा खाली आला. काळ्यावर तो आजारी हिरवा एकदम उजळला, आतून दिवा लावावा तसा. दुकानदाराचं हसू थांबलं. तो आडवा वळला, मग परत समोर. पोट त्याने आपणहून आत घेतलं.

मग रांग लागली. एकाच्या अंगात पांढरा सदरा होता. त्याने आरशात बघून तोंड वाकडं केलं. "माझ्यावर मेलाच की हा रंग."

"मेलाच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लाल घ्या. तीही माझीच आहे."

मागणीत हिरवी तिसरी आली. लाल पहिली, निळी दुसरी, पांढरी शेवटची. तिसरी म्हणजे काही मैदान मारलं नव्हतं. पण एकाही दुकानदाराने तिला वगळलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर मालक मिश्रणाच्या टेबलापाशी आले.

"डबे नाही मागवत, वहिनी. टेबल राहू दे."

"बारमाही खपणाऱ्या त्या काळ्या गिटारींसाठी मागवा की," वहिनी बरणीचं झाकण घट्ट करत म्हणाल्या. "डब्यातला काळा चांगला असतो. त्यात माझा वेळ कशाला घालवता?"