लख्ख नखं

गल्लीत शिवणकाकूंना नावानं कुणी हाक मारत नसे. नवरा लवकर गेला, पदरात एकुलतं एक पोर, आणि काकूंनी शिलाई मशीनवर पाय मारमारून ते पोर वाढवलं. हात सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. ड्रेस घट्ट झाला म्हणून कुणी कुरकुर केली, तर "ड्रेस तोच आहे बाई, आतलं माप बदललंय," असं तोंडावर सांगून मोकळ्या.

पोरगा रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा. तो परदेशात कामाला गेला आणि पहिले पैसे पाठवताच त्यानं फोनवरून फर्मान काढलं, "आई, मशीन बंद! खूप राबलीस. आता टीव्ही बघायचा." टीव्ही आला, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून झाकलेल्या मशीनवरच जाऊन बसला. पुढे घरावर एक खोली चढली. विटा झाल्या, गिलावा झाला, रंग तेवढा राहिला. काकूंनी तो मुद्दामच ठेवला होता. "रंगाऱ्याच्या घराला दुसऱ्याचा ब्रश? शोभतं का? तो आला की देईल," असं त्या येईल त्याला ऐकवत.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. काकूंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "नखं दाखव." पोरगा हसत बोटं पुढे करी. नखांच्या कडांत कधी पिवळा, कधी हिरवा, कधी नुसताच चिखलासारखा रंग.

"शी! त्याच हातांनी जेवतोस ना? मेल्या, साबण महाग झालाय का तिकडे?"

"जात नाही गं आई. घासून घासून साल निघायची वेळ आली."

मग कधीतरी पैसे आटायला लागले. आधी उशिरा आले, मग निम्मेच आले, मग एक महिना आलेच नाहीत. पोराकडे कारण तयार असे, कधी कंपनीनं पगाराची तारीख बदलली, कधी बँकेचं मशीन बिघडलं. टीव्हीवर तर रोज दाखवत होते, तिकडे मंदी आलीय, बांधकामं अर्धवट पडलीत, माणसं घरी बसलीत. काकूंनी विचारलं, तर पोरगा म्हणाला, "दुसऱ्यांचं असेल गं. आमची कंपनी जोरात आहे." काकूंनी मान डोलावली. आपलंच पोर, विश्वास नको ठेवायला?

तशात एका रविवारी पोरानं नखं दाखवली, तर लख्ख! काकू हरखल्याच. शेजारीण बसली होती. परदेशातल्या मुलाच्या कमाईवर दोन मजले चढवले म्हणून गल्ली तिला दुमजलीबाई म्हणे. तिच्या नाकासमोर फोन नेऊन काकू म्हणाल्या, "बघा, साहेबासारखे हात! शाब्बास रे पठ्ठ्या!" पोरगा जरा गडबडला. म्हणाला, "नवा साबण आणलाय." पुढच्या रविवारीही नखं लख्ख. काकू आपल्या कौतुकातच.

पण कौतुकानं चूल पेटत नव्हती. काकूंनी टीव्ही उतरवून जमिनीवर ठेवला, मशीनला तेल पाजलं आणि गुपचूप शिवणकाम सुरू केलं. रविवारी पोराला कळायला नको म्हणून मशीनवर चादर टाकली आणि हात धुवायला बसल्या. तेलाचा काळा डाग नखांत असा काही बसला होता की साबण झाला, दगड झाला, जायचं नावच नाही. काकू घासत होत्या, घासत होत्या, आणि एकदम थांबल्या.

कामाचा रंग असा साबणानं जातो होय?

"आणि मी गाढवीण शाब्बास म्हणाले!" काकू मोठ्यानं म्हणाल्या आणि तिथेच मोरीत बसून रडल्या. लेकरू तिकडे काम नसताना दिवस काढतंय, खातंय की नाही देव जाणे, आणि आईला हौस स्वच्छ हातांची! विचारलं असतं तर कबूल झाला नसता. हट्टी होता, आईवर गेला होता.

डोळे पुसून काकूंनी हातातल्या दोन बांगड्या विकल्या आणि पैसे घेऊन परदेशी पैशांच्या दुकानात गेल्या. तिथे दोन खिडक्या. एकीवर बाहेरून आलेले पैसे मिळत, दुसरीवरून बाहेर पाठवता येत. आजवर गर्दी पहिल्या खिडकीवर असे. आज तिथे कुत्रंही नव्हतं. दुसरीवर मात्र रांग, आणि रांगेत तोंड भिंतीकडे करून दुमजलीबाई.

"तुम्ही इकडे?" काकूंनी विचारलं.

"छे, मी आपली पंख्याखाली उभी राहिले."

"हो ना," काकू तिच्या मागे उभ्या राहत म्हणाल्या, "या खिडकीला वारा बरा लागतो."

मग दुमजलीबाईनं काकूंचा हात धरला आणि पुढचा माणूस हलेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी पोराचा फोन. "आई, हे पैसे कसले?"

"तिकिटाचे. घरी ये."

"अगं, माझं काम..."

"नखं दाखव."

पोरानं हात मागे घेतला. बराच वेळ नुसतं छतच दिसत होतं. मग त्याचा आवाज आला, "रिकाम्या हातानं कसा येऊ गं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठली सवड? तेही माझ्यासारखेच रांगेत आहेत. आणि रिकाम्या हातानंच ये. वरची खोली कोरी पडलीय, हातात ब्रश धरायचाय. मजुरी मिळणार नाही, दोन वेळचं जेवण मिळेल."

पोरगा हसला की रडला, काकूंना नीट कळलं नाही. चेहरा परत दिसला तेव्हा तो बारकाईनं बघत होता. "तुझी नखं दाखव बरं. आई! मशीन सुरू केलंस?"

"टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं," काकू म्हणाल्या.

तो आला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी खोली रंगवायला घेतली. दुपारी जेवायला खाली उतरला तो मनगटापर्यंत निळा. ताटावर बसण्याआधी सवयीनं दोन्ही हात आईसमोर धरले आणि म्हणाला, "हं, ओरड."

काकूंनी एकेक बोट निरखून पाहिलं. मग ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"जेव तसाच," त्या म्हणाल्या.