सरांनी न म्हटलेलं वाक्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट ठाऊक नाही. तुम्ही विमलला ओळखत नाही — कदाचित म्हणून.

विमल माझी मैत्रीण. आम्ही दोघी अंबडच्या. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान — आम्ही मारवाडी, पण कैक पिढ्यांपासून इथलेच. विमलचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांच्या अख्ख्या बौद्ध वस्तीत कॉलेजात गेलेली विमल पहिलीच मुलगी. रोज सकाळच्या एसटीनं आम्ही जालन्याला जायचो. ती सोबत होती म्हणूनच मला घरातून सोडत होते. आणि तरीही आमच्याकडे आली की ती ओसरीवरच थांबायची. तिला कुणी आत बोलवायचं नाही, मीसुद्धा नाही. आज सांगायचंय ते वेगळंच आहे — की हे त्यातलंच आहे? मला कळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. पी.यू.सी. पास होऊन आम्ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेल्तो आणि विषय निवडायचे होते. गणिताकडे जायचं, की वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राकडे? विमलचं ठरलेलं होतं. बसची वाट बघताना दिसेल त्या झाडाचं पान खुडून ती बोटांत चुरडायची, वास घ्यायची, मला घ्यायला लावायची. तिला वनस्पतिशास्त्रच हवं होतं.

माझं मात्र काही ठरेना. आमचे गणिताचे सर त्या उन्हाळ्यात मुंबईला कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथं त्यांनी कॉम्प्युटर पाहिला होता. खोलीएवढं यंत्र, त्यात भोकं पाडलेली कार्डं घालायची, आणि माणसाला महिनाभर पुरेल एवढं गणित ते चहा निवायच्या आत सोडवतं — असं सर सांगत होते. पुढं गणितवाल्यांचाच जमाना येणार, म्हणाले. मी ऐकत होते, पण कळत काय होतं? ते टायपिंगसारखं असेल? की विजेचं काम? मुलींना शिवू तरी देतील का त्याला? आणि गणित तरी मला आवडत होतं का? मार्क चांगले पडायचे. उत्तर बराबर आलं की सुटल्यासारखं वाटायचं. सुटल्यासारखं वाटणं म्हणजेच आवडणं का? कुणाला विचारणार? वडील म्हणाले, "काही बी घे. लग्न झाल्यावर सगळं सारखंच."

सरांनी मात्र मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं — तू गणित घे. मी खूश झाले. मग चौकशी केली, तर गणिताकडे सगळी मुलंच. एकही मुलगी नाही. त्या वर्गात, पुढच्या बाकावर, मी एकटी — नुसती कल्पनाही नको वाटली.

आणि परतीच्या बसमध्ये मी विमलला म्हणाले, "सर तुझ्याबद्दल बोलून राह्यले होते. म्हणले, विमलचं डोकं गणिताचं आहे. तिनं गणित सोडलं तर वाया जाईल."

सर असं काहीही म्हणाले नव्हते. त्यांना विमलचं नाव ठाऊक होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

"माझं नाव घेतलं त्यांनी?" विमलनं विचारलं.

"बिलकुल घेतलं."

अंबड आल्यावर एवढंच म्हणाली, "मंग घेऊन टाकते."

मला वाटलं, यात काय एवढं? दोघी सोबत राहू. पण वाक्य माझ्या हातात राहिलं नाही. विमलनं ते घरी सांगितलं. गुरुजींनी शाळेत सांगितलं, वस्तीत सांगितलं. एकदा भर बाजारात मला थांबवून म्हणाले, "पोरी, तू सांगितलंस म्हणून आम्हाला कळलं. न्हाईतर आम्हाला कोण सांगतंय?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी लाजले.

वर्ग सुरू झाले. आणि मला — दोघींना नव्हे, मला — तिथं बसवेना. फळ्यावर सर काय लिहितात ते मी उतरवून घ्यायचे, पण आत काही शिरत नव्हतं. मागची मुलं खाकरायची. विषय बदलायची मुदत होती तोवर मी बदलून घेतला, वनस्पतिशास्त्राकडे गेले. तिकडे चार मुली होत्या. विमलला आधी विचारलं? नाही. झाल्यावर सांगितलं.

"मी पण येते," ती लगेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मात्र म्हणाली, "बाबा न्हाई म्हणले. एवढ्या मोठ्या सरांनी स्वतः सांगितलंय, आता मागं फिरायचं न्हाई म्हणले. तुला काय वाटतं?"

तेव्हा मी सांगू शकले असते. बस रिकामीच होती, ऐकणारं कुणी नव्हतं. एका वाक्यात ती सुटली असती. पण मग मी कोण ठरले असते? मी म्हणाले, "बराबर आहे त्यांचं."

वर्षभर ती त्या वर्गात एकटी बसली. आणि येता-जाता, बसमध्ये, माझ्या प्रॅक्टिकलची पानं ती मला ओळखून द्यायची.

मी पास झाले. ती गणितात नापास झाली. शिष्यवृत्ती थांबली, तरी गुरुजींनी तिला पुन्हा बसवलं. ती पुन्हा नापास झाली. मग भोकरदनचं स्थळ आलं. मी पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागले, त्यातच रिटायर झाले.

काही वर्षांपूर्वी जालन्यात एका लग्नात भेटली. केस पांढरे झालेले, हसणं तेच. सोबत तिची मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. विमल तिला म्हणाली, "ही पुष्पा मावशी. हिला विचार, सर काय म्हणले होते माझ्याबद्दल."

मुलगी हसली. "मावशी, मला गणित जमत नव्हतं तेव्हा आई रोज तेच सांगायची. सरांनी खरंच म्हटलं होतं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

मुलगी जेवणाची पानं बघायला गेली. विमल माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं — तक्रार नव्हती, इतकी वर्षं न सुटलेलं काही विचारावं तसं — "पुष्पे, सर एवढं म्हणले होते, तरी मी नापास कशी झाले गं? माझंच काय चुकलं?"

मी म्हणाले, "त्या वर्षी पेपरच अवघड होता."

मी त्या पेपरला बसलेच नव्हते.