विश्वासरावांचा सॅक्सोफोन

रविवारी सकाळी आम्ही जॅझवेडे माझ्या घरी जमतो आणि सध्या कोणता अल्बम ऐकतोय ते एकमेकांना सांगतो. पक्षाघातानं वाचा गेल्यापासून विश्वासराव नुसते ऐकायला येत. काल त्यांना वगळून मी सवयीनं पुढच्याकडे वळलो, तर त्यांनी माझा हात धरला. डोळे मिटून ते सॅक्सोफोनची एक लांब सुरावट गुणगुणू लागले. मध्येच अडखळले, पण पुन्हा उचलून त्यांनी ती शेवटापर्यंत नेली.

“अहो, हा तर तुमचा लाडका अल्बम!” मी ओरडलो.

“बोलले हो, बोलले!” त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मालतीवहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शब्द गेले, तरी सांगायचं होतं ते माणसात शाबूत होतं. आम्ही टाळ्या वाजवत राहिलो आणि विश्वासरावांनी मान ताठ करून तीच सुरावट पुन्हा धरली, या वेळी खणखणीत आवाजात.