नवीवर जुनी

आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात युनिक्सचा संगणक आला, तेव्हा अख्ख्या रत्नागिरीत मला आभाळ ठेंगणं झालं होतं. हापूसच्या खरेदीपासून डब्यांच्या रवानगीपर्यंतचे सगळे प्रोग्राम मी एकटीनं लिहिले, वर्षभर खपून. आणि ऐन हंगामाच्या तोंडावर मेली डिस्क किरकिरायला लागली! डिस्कचे भाग पाडलेले असायचे. एकेक भाग म्हणजे एकेक फाइल सिस्टीम, आपापलं वेगळं बिऱ्हाड. बाकीचे भाग फ्लॉप्यांवरून परत घालता आले असते. माझे प्रोग्राम होते त्या भागाची मात्र दुसरी प्रत जगात नव्हती. तेवढाच नव्या डिस्कवर न्यायचा होता.

"नवीवर जुनी उतरव, झालं," साहेब म्हणाले. एवढं का मला कळत नाही? पटापट हुकूम टाइप केला.

तेवढ्यात आमचे हेडक्लार्क नारळ घेऊन हजर. "थांब गो बाय! गाऱ्हाणं घातल्याशिवाय नाय. काय मागायचा देवाकडं?"

"जुन्या घरातलं बिऱ्हाड नव्या घरात!" मी फणकारले. यंत्राला कसलं डोंबलाचं गाऱ्हाणं? पण सगळं ऑफिस हात जोडून उभं. मी रागारागानं एंटर दाबलंच. हा हुकूम लगेच धावत नाही. कुठून कुठे नेतोय ते पडद्यावर दाखवतो, चूक असेल तर डिलीट दाबा म्हणतो आणि थोडे सेकंद थांबतो. मी कुठली वाचतेय!

"देवा म्हाराजा, जुन्या घरातला बिऱ्हाड नव्या घरात सुखरूप ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझी नजर पडद्यावर गेली. कुठून: नवी. कुठे: जुनी. अगं आई गं! साहेबांचं मराठी माझ्या बोटांनी जसंच्या तसं उतरवलं होतं, आधी नवी, मग जुनी. युनिक्सला आधी 'कुठून' सांगावं लागतं. कोरी डिस्क माझ्या वर्षभराच्या कामावर बोळा फिरवणार होती! मी किंचाळले आणि डिलीटवर बोट नाही, अख्खा पंजा हाणला.

थांबलं! मी वेड्यासारखी हसत होते.

"गाऱ्हाणं मोडलंस!" हेडक्लार्क भडकले. "आता पयल्यापासून!"

"घाला हो, घाला!" मी हुकूम सरळ केला, नीट वाचला. किरकिरत का होईना, माझं सगळं बिऱ्हाड नवीत उतरलं. आणि त्या खेपेला सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा' माझा होता.