तेलावरचं पंचामृत

आमच्या घरात पथ्याची आणि सोवळ्याची गाठ पडली आणि त्यात अण्णांचा पाय गेला. शांतपणे सांगायला मला अजून जमत नाही, तेव्हा चिडूनच सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळुरात चामराजपेटेत आम्ही राहायचो, ते कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करत. पन्नाशीच्या आतच मधुमेह निघाला. त्यात अंगठ्याला बूट लागला आणि जखम भरेना. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, साखर आटोक्यात आणा, नाहीतर पाय राहणार नाही. गोळ्या दिल्या, भात तोडला, गोड बंद केलं. आई रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. हळूहळू विटकरीचं हिरवट झालं. आईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माशाच्या तेलाची बाटली दिली. "स्वल्प दिवस घेऊन बघा, ताकद येते." आईने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घेऊ देत, पण साखरेवरचं औषध समजू नका.

अण्णांच्या थोरल्या बहिणीने मात्र घर डोक्यावर घेतलं. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. ती विधवा होती, आमच्याकडेच असायची, आणि देवघरापासून चुलीपर्यंत तिचंच राज्य. चातुर्मासात कांदा न शिवणारं घर आमचं, तिथे मासा! शेवटी तोडही तिनेच काढली. बाटली मागच्या अंगणात राहील, चमचा वेगळा, आणि तेल पोटात गेलं की शुद्धीसाठी वर वाटीभर पंचामृत. दूध, दही, तूप, मध आणि हात सैल सोडून साखर.

अण्णांची चंगळ झाली. गोडाला मुकलेला माणूस, वाटी बोटाने निपटून खायचा. नळी पुन्हा विटकरी व्हायला लागली. अक्का म्हणाली, तेल कमी पडतंय. मग तेल दोन वेळा, म्हणजे पंचामृतही दोन वेळा. आई एकदा धीर करून म्हणाली, "अक्का, त्यात साखर आहे हो."

"देवापुढचं तीर्थ ते. ते का खाणं असतं?"

डॉक्टर विचारायचे, गोड काही खाता? अण्णा नाही म्हणायचे. ते खोटं बोलत नव्हते, त्यांनाही तसंच वाटत होतं, अशी मी स्वतःची पुष्कळ वर्षं समजूत घातली.

अंगठा काळा पडला आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. नंतर एका सकाळी डॉक्टरांनी आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा पंचामृत बाहेर आलं. त्यांनी अण्णांच्या खाटेशी बसून सगळं समजावलं, तेलाचा यात काही दोष नाही हेही सांगितलं. अण्णांनी मान हलवली.

त्याच संध्याकाळी नातेवाईक भेटायला जमले. अक्काने पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिने घरात मासा आणला, आणि भोगतोय माझा भाऊ."

सगळे आईकडे बघायला लागले. आई अण्णांकडे बघत राहिली. अक्काला एक वेळ मी माफ करीन, तिला कळत नव्हतं. अण्णांना सकाळीच कळलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पाणी मागितलं. आईने उठून दिलं.